मलेशियात इतिहासात नापास म्हणजे प्रमाणपत्रच नाही: एका पेपरवरून एवढा वाद का?

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न गणित-विज्ञानाचा असतो. इतिहासात किती पडले, हे क्वचितच कुणी विचारतं. मलेशियात मात्र सतरा वर्षांच्या मुलाने गणित, विज्ञान, इंग्रजी या सगळ्यांत उत्तम श्रेणी मिळवली आणि इतिहासात तो नापास झाला, तर शालान्त परीक्षेचं प्रमाणपत्र त्याच्या हाती पडत नाही. कोणत्या विषयात कोणती श्रेणी, एवढा कागद मिळतो. प्रमाणपत्र नाही.

हा नियम २०१३ पासून लागू आहे आणि तेव्हापासून तिथल्या शिक्षणाच्या जवळजवळ प्रत्येक वादात तो डोकावतो. चिनी माध्यमाच्या खासगी शाळांच्या परीक्षेला सरकारने मान्यता द्यावी की नाही, हा वाद तिथे दर काही महिन्यांनी पेटतो आणि दर वेळी गाडी इतिहासाच्या पेपरपाशीच अडते. बाहेरून बातम्या वाचणारा गोंधळतो. इतिहास हा विषय इतका महत्त्वाचा कधीपासून झाला? आणि एका देशाच्या भूतकाळावर तीन समाजांचं एकमत का होत नाही? जरा मुळापासून पाहू.

आधी परीक्षा समजून घेऊ

मलेशियात सहा वर्षं प्राथमिक आणि पाच वर्षं माध्यमिक शाळा असते. पाचव्या वर्षाच्या शेवटी ‘सिजिल पेलाजारान मलेशिया’ ही परीक्षा होते. तिला सगळे एसपीएम म्हणतात, आपणही तेच म्हणू. दरवर्षी साधारण चार लाख मुलं तिला बसतात. सरकारी नोकरी, पॉलिटेक्निक, विद्यापीठपूर्व वर्ग यांतल्या बहुतेक वाटा तिच्यातून जातात. पूर्वी तिच्याआधी आणखी दोन राष्ट्रीय परीक्षा होत्या, एक सहावीच्या शेवटी आणि एक माध्यमिकच्या तिसऱ्या वर्षी. पहिली २०२१ मध्ये बंद झाली, दुसरी २०२२ मध्ये. त्यामुळे सगळा भार एसपीएमवर आला.

तिच्यात मलय भाषा, इंग्रजी, गणित, विज्ञान (किंवा त्याऐवजी भौतिक, रसायन असे वेगळे विज्ञान विषय) आणि इतिहास हे विषय सगळ्यांना सक्तीचे आहेत. मुस्लिम मुलांना त्याखेरीज इस्लामी शिक्षण, इतरांना नीतिशिक्षण. पण प्रमाणपत्रासाठी उत्तीर्ण व्हावंच लागतं ते दोन विषयांत: मलय भाषा आणि इतिहास. मलय भाषेची अट जुनी आहे. इतिहासाची अट २०१० मध्ये तत्कालीन उपपंतप्रधान आणि शिक्षणमंत्री मुहिद्दीन यासिन यांनी जाहीर केली, आणि ती जाहीर झाली उम्नो या त्यांच्या पक्षाच्या महासभेत. उम्नो हा मलय समाजाचा पक्ष. घोषणा तिथे झाल्यामुळे बाकीच्यांना पहिल्या दिवसापासून तिच्यात राजकारण दिसलं.

इतिहासाचे पेपर दोन. पहिल्यात तासाभरात ४० बहुपर्यायी प्रश्न. दुसरा अडीच तासांचा, त्यात छोटी रचनाबद्ध उत्तरं आणि निबंध. ‘ए-प्लस’पासून ‘ई’पर्यंतच्या श्रेणी उत्तीर्णाच्या, ‘जी’ (G) ही श्रेणी म्हणजे नापास.

मलय कोण आणि मलेशियन कोण?

इथे आपल्याकडे नेहमी घोळ होतो, म्हणून थोडं थांबू. मलेशियन म्हणजे देशाचा नागरिक. मलय म्हणजे त्या देशातला एक समाज. मलय कोणाला म्हणायचं हे मलेशियाच्या राज्यघटनेच्या १६० व्या कलमात लिहिलेलं आहे: जो इस्लाम मानतो, एरवी मलय भाषा बोलतो आणि मलय रीतीरिवाज पाळतो, तो. मलय आणि बोर्निओ बेटावरच्या साबा-सरावाक या दोन राज्यांतले मूळनिवासी यांना मिळून ‘भूमिपुत्र’ म्हणतात, अगदी याच शब्दाने. त्यांचं प्रमाण नागरिकांमध्ये सुमारे सत्तर टक्के आहे. चिनी वंशाचे सुमारे तेवीस टक्के, भारतीय वंशाचे सात टक्क्यांच्या आसपास. त्यांत बहुसंख्य तमिळ. १५३ वं कलम भूमिपुत्रांना सरकारी नोकऱ्या, शिष्यवृत्त्या, परवाने यांत विशेष स्थान देतं.

त्या विशेष स्थानाचा आधार इतिहास आहे. ‘ही भूमी मूळची मलय राज्यांची, बाकीचे नंतर आले’ हे विधान तिथे भूतकाळाबद्दलचं राहत नाही, आजच्या हक्कांचं कारण होऊन बसतं.

परीक्षेत इतिहास आणण्याची धडपड जुनी आहे

ब्रिटिश काळात मलायात, म्हणजे आजच्या मलेशियाच्या द्वीपकल्पावरच्या भागात, दोन प्रकारची शिक्षणं होती. शहरांतल्या इंग्रजी शाळांत केंब्रिजची परीक्षा आणि ब्रिटिश साम्राज्याचा इतिहास. गावांतल्या मलय शाळांत चार इयत्तांपुरतं शिक्षण. १९१६ मध्ये रिचर्ड विन्स्टेड या अधिकाऱ्याला जावा आणि फिलिपाइन्समधल्या शाळा पाहायला पाठवलं होतं. परत आल्यावर त्याने मलय शाळांत बागकाम आणि टोपल्या विणणं यांवर भर दिला. कोळ्याच्या मुलाने जरा शहाणा कोळी व्हावं आणि शेतकऱ्याच्या मुलाने जरा शहाणा शेतकरी, एवढीच त्या शिक्षणाची अपेक्षा आहे, असं वरिष्ठ ब्रिटिश अधिकारी उघडपणे म्हणत.

या चौकटीला तडा गेला तो इतिहासाच्या वर्गात. तांजुंग मालिम इथे १९२२ मध्ये मलय शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघालं. तिथे शिकवणारे अब्दुल हादी हाजी हसन यांनी १९२० च्या दशकात मलय जगाचा इतिहास मलय भाषेत लिहिला. गावच्या शाळेतून आलेल्या पोरांना पहिल्यांदाच कळलं की आपल्या पूर्वजांची बंदरं होती, आरमार होतं, दूरवर दबदबा होता. याच महाविद्यालयातून निघालेल्या इब्राहिम याकूब यांनी १९३८ मध्ये ब्रिटिशविरोधी तरुणांची संघटना काढली. मलय समाजाला इतिहासाच्या पेपरबद्दल इतकी ओढ का वाटते, याचं उत्तर मला इथे दिसतं. ज्यांना त्यांचा इतिहास शिकूच दिला नाही, ते तो हातचा जाऊ देत नाहीत. त्यांची बाजू समजून न घेता नुसतं ‘सक्ती वाईट’ म्हणणं अन्यायाचं होईल.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९५६ मध्ये, तेव्हाचे शिक्षणमंत्री अब्दुल रझाक यांच्या समितीने शिफारस केली की शाळा कोणत्याही भाषेच्या असोत, अभ्यासक्रम समान हवा. पुढे १३ मे १९६९ ला क्वालालंपूरमध्ये मलय-चिनी दंगल उसळली. त्या धक्क्यातून १९७० मध्ये ‘रुकुन नगारा’ ही राष्ट्रीय तत्त्वांची प्रतिज्ञा आली आणि त्याच काळात इंग्रजी शाळा टप्प्याटप्प्याने मलय माध्यमात नेल्या गेल्या. १९८९ मध्ये इतिहास माध्यमिक शाळेत गाभ्याचा विषय झाला, २०१३ मध्ये प्रमाणपत्राची अट झाला, २०१४ पासून प्राथमिकच्या चौथ्या वर्षापासूनच शिकवला जाऊ लागला. पाठपुरावा असा पन्नासहून अधिक वर्षांचा आहे.

पुस्तकात काय आहे?

माध्यमिकच्या पाच वर्षांचा सांगाडा असा: आधी इतिहास म्हणजे काय आणि प्राचीन संस्कृती, मग मलय जगातली जुनी राज्यं, मग युरोपीय सत्ता, मग राष्ट्रवाद, जपानी राजवट आणि १९५७ चं स्वातंत्र्य, शेवटी राज्यघटना, राजेशाही आणि १९६३ मध्ये झालेली मलेशियाची स्थापना.

या सगळ्याच्या मध्यभागी मलाका आहे. साधारण १४०० च्या सुमारास सुमात्रा बेटावरच्या पालेम्बांगहून आलेल्या परमेश्वर नावाच्या राजपुत्राने हे बंदर वसवलं. नाव वाचून आपल्याला आश्चर्य वाटतं, पण त्या काळच्या मलय राजघराण्यांत संस्कृत नावं सर्रास होती. पुढे राज्यकर्त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि शंभर वर्षांत मलाका आशियातल्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक झालं. चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, होते, आणि त्यांतला एक एकट्या गुजराती व्यापाऱ्यांसाठी. तोमे पिरेश या पोर्तुगीजाने तिथे ८४ भाषा बोलल्या जातात असं नोंदवलं. त्याने व्यापाऱ्यांची जी यादी दिली आहे तिच्यात कैरो, एडन, होर्मुझ यांच्याबरोबर चौल, दाभोळ आणि गोव्याचीही माणसं आहेत. कोकण किनाऱ्यावरची आपली माणसं मलाकाच्या बाजारात भाव करत होती.

मग पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्क आला. त्याने १५१० मध्ये गोवा घेतला आणि दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट १५११ मध्ये, मलाका. पुढे पोर्तुगीज मलाकाचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालला. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारलेल्या फ्रान्सिस झेवियरचा देह गोव्याला आणण्याआधी काही महिने मलाकाच्या टेकडीवरच्या चर्चमध्येच होता. पोर्तुगीजांनी मलाकात बांधलेला किल्ला आज जवळजवळ संपला आहे, एक दरवाजा तेवढा उरला आहे, आणि मलेशियातली शाळकरी मुलं सहलीला तिथे जातात. गोव्याच्या मुलांना अल्बुकर्क जसा विजेता म्हणून आणि आक्रमक म्हणून, दोन्ही तऱ्हांनी भेटतो, तसाच तो या मुलांनाही भेटतो. तिथल्या पुस्तकात मात्र १५११ हा वैभवाचा अंत आहे आणि तिथून पुढचा सगळा इतिहास ते वैभव परत मिळवण्याचा आहे.

मग भांडण कशाचं?

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकाला सातबारा समजा. सातबाऱ्यावर भोगवटादाराचा रकाना असतो आणि इतर हक्कांचा असतो. जमीन कोण कसतं, विहीर कुणी खणली, बांध कुणी घातला, हे सगळं गावाला ठाऊक असतं. पण भांडण लागतं ते नाव कोणत्या रकान्यात आहे यावरून. मलेशियातली तक्रार नेमकी हीच आहे. चिनी, भारतीय आणि मूळनिवासी यांची नावं पुस्तकात अजिबात नाहीत असं कुणी म्हणत नाही. ती ‘इतर हक्कांत’ आहेत, असं म्हणणं आहे. आणि हा उतारा दरवर्षी चार लाख मुलांना पाठ करून उत्तीर्ण व्हावं लागतं.

काही नोंदी पाहू. केदा राज्यातल्या बुजांग खोऱ्यात हिंदू-बौद्ध मंदिरांचे अवशेष आहेत, लोखंड गाळण्याच्या जुन्या भट्ट्या आहेत. राजेंद्र चोळाने १०२५ मध्ये या भागावर स्वारी केली होती. म्हणजे मलाकाच्या कित्येक शतकं आधी इथे भरभराटीची संस्कृती होती. तरी पुस्तकाचा भर मलाकापासून, इस्लामच्या आगमनापासून सुरू होतो, अशी टीका अभ्यासक वर्षानुवर्षं करत आहेत. २०१३ च्या शेवटी याच खोऱ्यातल्या एका हजारहून अधिक वर्षं जुन्या मंदिराचे अवशेष एका बांधकाम व्यावसायिकाने पाडल्याचं उघडकीस आलं आणि देशभर संताप झाला. ज्या वास्तूबद्दल पुस्तकात ओळभरच असते, ती पाडताना कुणाचा हात थबकत नाही.

चिनी समाजाचं म्हणणं कथिलाच्या खाणींपासून सुरू होतं. क्वालालंपूर हे शहर दलदलीतल्या खाणवस्तीतून उभं राहिलं, आणि यप आ लोय या चिनी पुढाऱ्याने यादवीत आणि आगीत उद्ध्वस्त झालेलं ते शहर पुन्हा बांधलं. शहराचा संस्थापक तो की मलय सरदार, यावर आजही वाद घालतात. १९४८ ते १९६० या आणीबाणीच्या काळात कम्युनिस्ट बंडाला रसद मिळू नये म्हणून लाखो ग्रामीण चिन्यांना उचलून कुंपणातल्या ‘नव्या गावांत’ वसवलं गेलं. त्या घरांतली आजची मुलं आणीबाणीचा धडा वाचतात तेव्हा त्यांना आजी-आजोबा त्यात कुठे सापडतात, हा साधा प्रश्न आहे.

भारतीयांचा हिशोब आणखी दुखरा आहे. रबराच्या मळ्यांवर तमिळ मजूर आणले गेले. १९४१ मध्ये क्लांग भागातल्या मळ्यांत त्यांनी मोठा संप केला. जपान्यांनी सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर त्यांना हजारोंच्या संख्येने नेलं आणि त्यांतले असंख्य परत आले नाहीत. १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापूरला पोहोचल्यावर मलायाच्या मळ्यांतल्या तरुण मुलीही झाशीची राणी रेजिमेंटमध्ये भरती झाल्या. आपण हा इतिहास भारताचा म्हणून वाचतो. तो मलेशियाचाही आहे, आणि दोन्हीकडच्या पुस्तकांत त्या मळ्यांवरच्या मजुरांना मिळालेली जागा फारच तोकडी आहे.

साबा आणि सरावाक यांची तक्रार वेगळी. ते १९५७ मध्ये स्वतंत्र मलायात नव्हतेच. १६ सप्टेंबर १९६३ ला मलाया, सिंगापूर आणि हे दोघे मिळून मलेशिया झाला. तरी राष्ट्रीय दिन ३१ ऑगस्ट. १६ सप्टेंबरला देशभर सुट्टी मिळायला २०१० साल उजाडावं लागलं.

एक प्रश्न जवळून: बर्चचा खून

हे सगळं उत्तरपत्रिकेत कसं दिसतं ते पाहू, कारण खरी अडचण तिथे आहे.

२० जानेवारी १८७४ ला पांगकोर करार झाला. पेराक या मलय राज्याच्या सुलतानाने दरबारी रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिश सल्लागार अधिकारी, ठेवायचा आणि मलय धर्म व रूढी सोडून बाकी सगळ्या बाबतींत त्याचा सल्ला घ्यायचा, मानायचा. ही युक्ती भारतातल्या संस्थानांत आधीच वापरून झालेली होती. पेशव्यांच्या दरबारी पुण्यात एलफिन्स्टन याच पदावर बसला होता. मलाका, पेनांग आणि सिंगापूर ही ठाणी तर १८६७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थान सरकारच्याच ताब्यात होती.

पेराकचा पहिला रेसिडेंट जे. डब्ल्यू. डब्ल्यू. बर्च. त्याने सरदारांचे कर वसुलीचे हक्क काढून घेतले, कर्जापायी गुलाम झालेल्यांच्या प्रथेवर घाव घातला, पळून आलेल्या गुलाम स्त्रियांना आसरा दिला, आणि हे सगळं उद्धटपणे केलं. २ नोव्हेंबर १८७५ ला पासिर सालाक इथे नदीवरच्या न्हाणीघरात त्याला भाल्यांनी मारलं. महाराजा लेला या सरदाराला १८७७ मध्ये फाशी झाली, सुलतान अब्दुल्ला यांना सेशेल्सला हद्दपार केलं.

आता परीक्षेत प्रश्न येतो: पेराकच्या सरदारांनी बर्चला विरोध का केला? तपासणीच्या तक्त्यात प्रत्येक मुद्द्यापुढे एफ-१, एफ-२ अशा खुणा असतात. एफ म्हणजे मुद्दा. त्याखाली एच, म्हणजे स्पष्टीकरण. कर काढून घेतले, एक गुण. गुलामगिरीवर बंदी, एक गुण. रूढींचा अनादर, एक गुण. मुलं मुद्दे पाठ करतात, शिकवणीवाले त्यांची आद्याक्षरं जुळवून देतात. पण थोडा विचार करणाऱ्या मुलीच्या मनात येईल की पळून आलेल्या त्या गुलाम स्त्रीच्या दृष्टीने बर्च कोण होता? सरदार स्वातंत्र्यासाठी लढले, की करांसाठी, की दोन्हींसाठी? या प्रश्नाला तक्त्यात खूण नाही. मग ती लिहीत नाही. ती प्रश्न विचारायचंच हळूहळू सोडून देते, आणि हे नुकसान मला पुस्तकातल्या कोणत्याही गाळलेल्या ओळीपेक्षा मोठं वाटतं.

विचाराला चालना देणारे प्रश्न हल्ली ठरावीक प्रमाणात घालतात हे खरं. ‘या घटनेतून तू काय शिकलास?’ अशा धाटणीचे. त्यांचीही ठरलेली उत्तरं तयार झाली आहेत: देशप्रेम, एकजूट, नेत्यांचा आदर. कोणत्याही घटनेला चालतात.

ज्या प्रश्नावर प्राध्यापकांचं एकमत नाही

२०११ मध्ये मोहम्मद साबू या विरोधी नेत्याने भाषणात म्हटलं की १९५० मध्ये बुकिट केपोंग पोलीस ठाण्यावर हल्ला करणारा, कम्युनिस्ट बंडातला मात इंद्रा हा खरा स्वातंत्र्यसैनिक. त्या ठाण्यात ब्रिटिशांच्या नोकरीतले मलय पोलीस आणि त्यांचे कुटुंबीय मारले गेले होते आणि शाळेत त्यांनाच वीर म्हणून शिकवलं जातं. प्रचंड गदारोळ झाला. त्या गदारोळात झैनल क्लिंग या प्राध्यापकांनी मांडलं की मलाया कधी ब्रिटिशांची वसाहत नव्हतीच. मलय राज्यं संरक्षित राज्यं होती, सुलतानांचं सार्वभौमत्व कायम होतं. कायद्याच्या कागदावर पाहिलं तर यात तथ्य आहे. पण वर्षानुवर्षं ‘वसाहतवादाविरुद्धचा लढा’ असं लिहून गुण मिळवलेल्या पिढीने विचारलं, मग आम्ही पाठ केलं ते काय?

पुढच्याच वर्षी ज्येष्ठ इतिहासकार खू के किम यांनी सांगितलं की मलाकाचा महावीर हांग तुआह खरोखर होऊन गेला याला पुरावा नाही. त्याचं नाव रस्त्यांना आहे, युद्धनौकेला आहे, प्रत्येक मलय मुलाच्या ओठांवर आहे. त्यांच्यावर टीकेची झोड उठली.

इतिहासकार वाद घालतात, ते त्यांचं कामच आहे. परीक्षेला मात्र एकच बरोबर पर्याय लागतो, अ, ब, क किंवा ड. आणि त्या पर्यायावर प्रमाणपत्र टांगलेलं असलं की वादाचा प्रत्येक विषय राजकीय होतो.

‘प्रत्येक देश आपला इतिहास शिकवतोच की’

शिकवतो, आणि शिकवावा. मलेशियात मुलं प्राथमिक शाळेपासूनच वेगळी होतात: मलय शाळा वेगळी, चिनी वेगळी, तमिळ वेगळी. तमिळ प्राथमिक शाळाच पाचशेहून अधिक आहेत. अशा देशात सगळ्यांनी मिळून एक गोष्ट तरी शिकावी ही इच्छा चुकीची नाही. विषय सक्तीचा असणं वेगळं आणि त्यात नापास झाल्यास बाकीच्या सगळ्या विषयांचं प्रमाणपत्र अडवणं वेगळं. आपल्या दहावीत इतिहास हा सामाजिक शास्त्रांच्या गठ्ठ्यात भूगोलाबरोबर मोजला जातो. शिवकालावरून आपल्याकडे वाद कमी होत नाहीत, पण एखाद्या मुलाचं प्रमाणपत्र एकट्या इतिहासापायी अडकत नाही.

‘भीती नसेल तर मुलं वाचतील कशाला?’

हा आक्षेप शिक्षकच घेतात आणि तो प्रामाणिक आहे. अट येण्याआधी शाळेत इतिहासाचे तास दुसऱ्या विषयांना दिले जात, अट आल्यावर ते थांबलं, विषयाला मान आला. पण भीतीने वाचलेलं कसं वाचलं जातं तेही पाहायला हवं. काठावरच्या मुलाला शिक्षक सगळं पुस्तक वाचायला सांगत नाहीत. हमखास येणारी प्रकरणं आणि बहुपर्यायी प्रश्न घोटून घेतात. तो ई श्रेणीने सुटतो. ज्याला देशाची ओळख व्हावी म्हणून ही अट घातली, तोच मुलगा देशाच्या इतिहासातलं सर्वांत कमी वाचून बाहेर पडतो.

‘चिनी शाळांनी हा पेपर दिला तर बिघडलं कुठे?’

मलेशियात सुमारे साठ स्वतंत्र चिनी माध्यमिक शाळा आहेत, समाजाच्या वर्गणीवर चालणाऱ्या. १९७५ पासून त्यांची स्वतःची परीक्षा आहे, यूईसी. सिंगापूर, तैवान आणि इतर देशांतली विद्यापीठं ती मानतात. सरावाकचं राज्य सरकार मानतं. संघराज्य सरकारने सार्वजनिक विद्यापीठांच्या प्रवेशासाठी ती वर्षानुवर्षं मानली नाही. २०१८ मध्ये सत्तेवर आलेल्या आघाडीने मान्यतेचं आश्वासन दिलं होतं, ते तडीला गेलं नाही. विरोधकांचं म्हणणं: राष्ट्रभाषेत राष्ट्राचा इतिहास शिकल्याशिवाय सरकारी मान्यता कशी? समर्थक म्हणतात: आमच्या अभ्यासक्रमातही मलेशियाचा इतिहास आहे, आणि आमची कितीतरी मुलं दोन्ही परीक्षा देतातच.

मला विरोधकांची मागणी अवाजवी वाटत नाही. देशाच्या विद्यापीठात यायचं तर देशाचा एक समान पेपर द्या, यात गैर काही नाही. पण मग पेपर खरोखर समान हवा. ज्याचं पुस्तक तुम्हाला दुय्यम रकान्यात ठेवतं त्याची परीक्षा सगळ्यांना सक्तीची केली, तर तिच्यातून आपलेपणा येत नाही. २०११ मध्ये पालकांनी आणि अभ्यासकांनी अट लागू होण्याआधी पुस्तकं तपासा, अशी मोहीम चालवली होती. क्रम तोच योग्य होता: आधी पुस्तक, मग अट.

एक चांगली वाट होती

२०१३ मध्ये अटीबरोबरच आणखी एक गोष्ट आली होती, तिची चर्चा फार झाली नाही. इतिहासाचा तिसरा पेपर. तीन तासांचा, पुस्तकं आणि टिपणं सोबत नेऊन लिहायचा. विषयांचा रोख साधारण महिनाभर आधी जाहीर होई. मुलांनी ग्रंथालयात जावं, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं, वर्तमानपत्रं चाळावीत आणि मग स्वतःच्या शब्दांत लिहावं, अशी कल्पना. शिकवणीवाल्यांनी त्याच्याही तयार टिपणांचा बाजार मांडला, हे कबूल. पण त्या पेपरात निदान एक फट होती, जिच्यातून नव्या गावातल्या आजीची किंवा मळ्यावरच्या आजोबांची गोष्ट उत्तरपत्रिकेत येऊ शकत होती. २०२० च्या तुकडीपर्यंत तो चालला. २०२१ पासूनच्या नव्या स्वरूपात पेपर पुन्हा दोनच राहिले.

मलेशिया सरकारने २०२७ पासून शाळांत नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणायचं जाहीर केलं आहे. त्या वर्षी माध्यमिकच्या पहिल्या वर्गात बसणारी मुलं २०३१ च्या सुमारास एसपीएम देतील. पुस्तकात कुणाची किती पानं, यावर तोवर भरपूर भांडण होईल आणि ते व्हायलाही हवं. पण त्याबरोबर तिसरा पेपर परत मागायला हवा, आणि बर्चच्या प्रश्नाखाली त्या पळून आलेल्या गुलाम स्त्रीचं नाव घेणाऱ्या मुलीला गुण देता येतील असा तपासणीचा तक्ताही मागायला हवा. हे दोन्ही व्हायला घटनादुरुस्ती लागत नाही, संसदेत बहुमत लागत नाही. परीक्षा मंडळाचं एक परिपत्रक पुरतं.